नगरसेवक नव्हते, तेव्हा काय अडलं होतं?

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मी चहाच्या टपरीवर ऐकला, लग्नाच्या पंगतीत ऐकला आणि पंधरा ऑगस्टला आमच्या सोसायटीत झेंडावंदन झाल्यावर, हातात जिलेबीची कागदी बशी असतानाही ऐकला. विचारणारे गृहस्थ मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सरळमार्गी, कुणाचे पाच पैसे न खाल्लेले. त्यांचं म्हणणं असं, की महापालिकेवर प्रशासक होता तेव्हा कटकट नव्हती. सभागृहात आरडाओरडा नाही, वाढदिवसाचे फ्लेक्स कमी, फाइल आत गेली की सही होऊन बाहेर. मग एक पायरी वर चढून ते म्हणाले, ‘‘स्वराज्य मिळून झालं हो. आता सुराज्य पाहिजे. ते कुणाच्या हातून मिळतं, याच्याशी लोकांना काय देणंघेणं?’’ आजूबाजूच्या सात-आठ माना हलल्या. माझ्या तोंडात जिलेबी होती, म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता बोलतो.

त्यांच्या बाजूचं जे खरं आहे, ते आधी मान्य करतो. टक्केवारी हा शब्द महापालिकेच्या संदर्भात काय अर्थाने वापरतात, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. रस्ता एप्रिलमध्ये होतो आणि जुलैत वाहून जातो. एका चिन्हावर निवडून आलेला माणूस दुसऱ्याच झेंड्याखाली दिसतो. नगरसेवकाच्या नात्यातलाच कुणी ठेकेदार निघतो. यातलं काहीही मी नाकारत नाही. माझा आक्षेप यातून काढलेल्या निष्कर्षाला आहे.

स्वराज्य आणि सुराज्य. यमक जुळलं की विचारही जुळला, असं वाटण्याची आपल्याला खोड आहे. या जोडीत स्वराज्य म्हणजे नुसती मालवाहू गाडी आणि सुराज्य म्हणजे तिच्यातला माल, असं गृहीत धरलेलं असतं. माल चांगला असला की गाडी कुणाची हे विचारायचं नाही. हे खरं मानलं, तर आपल्या स्वातंत्र्यलढ्याचा अर्थ एवढाच उरतो, की इंग्रजांच्या मालाबद्दल आपली तक्रार होती. त्यांनी माल सुधारला असता, तर पंधरा ऑगस्टची गरजच नव्हती. जिलेबी खाऊन हे बोलणं जरा अवघडच आहे.

इंग्रजी अमदानीतले अंमलदार सगळे नालायक होते, असं समजून हा वाद घालण्यात अर्थ नाही. उलट, लायक अंमलदारच घेऊन बघू.

आर्थर क्रॉफर्ड १८६५ साली मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला. कायद्याने त्याच्या हाती कारभाराची जवळजवळ सगळी सूत्रं होती. वर देखरेखीला जस्टिस ऑफ द पीस मंडळी होती, पण ती सरकारनेच नेमलेली. आजच्या भाषेत बोलायचं तर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला दणकेबाज प्रशासक. माणूस धडाडीचा. गटारं, रस्ते, बाजार सगळं त्याने हाती घेतलं. त्याच्या नावाचं मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ सालची. पण खर्चाला लगाम घालणारा हात कुणाचाच नव्हता. कर्ज वाढलं, पट्ट्या वाढल्या आणि १८७१ मध्ये करदाते खवळले. तेव्हा फिरोजशहा मेहता नावाचा सव्वीस वर्षांचा बॅरिस्टर उभा राहिला आणि त्याने भलतंच म्हणणं मांडलं. क्रॉफर्डने केलेल्या कामाची त्याने बाजू घेतली. दोष माणसाचा नाही, रचनेचा आहे आणि त्यावर उपाय म्हणजे करदात्यांनी निवडून दिलेलं मंडळ, असं तो सांगत होता. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन आली आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. मतदार मूठभर होते, पण दार किलकिलं झालं. पुढे १८८८ च्या कायद्यात सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त अशी तीन खांबांवर सत्ता वाटून दिली गेली. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने पैसा तपासायचा, तिसऱ्याने राबवायचं. त्या कायद्यामागे ज्यांची बुद्धी होती, त्या फिरोजशहांचा पुतळा आजही महापालिकेच्या इमारतीसमोर उभा आहे. प्रशासकाच्या जवळपास चार वर्षांत त्यांच्या पाठीमागे हे तिन्ही खांब एकाच खुर्चीला जोडलेले होते.

क्रॉफर्डच्या गोष्टीला शेपूटही आहे. हाच गृहस्थ पुढे पुण्याकडे विभागीय कमिशनर झाला आणि १८८८ मध्ये मामलेदारांकडून पैसे उकळल्याच्या आरोपांवरून त्याच्यावर चौकशी आयोग बसला. लाचखोरीच्या आरोपातून तो सुटला, पण हाताखालच्या मुलखात कर्जं काढल्याबद्दल नोकरीला मुकला. ज्या मामलेदारांनी साक्षी दिल्या, त्यांना वाऱ्यावर सोडू नये म्हणून टिळकांना लढावं लागलं. तेव्हा निवडून आलेला तो भ्रष्ट आणि नेमलेला तो स्वच्छ, ही वाटणी निदान मुंबई इलाख्याने तरी गिरवू नये.

दुसरा अंमलदार याच्यापेक्षाही लायक. सर रिचर्ड टेंपल. १८७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा या माणसाने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हाताने वाटला आणि माणसं वाचवली. बक्षीस काय मिळालं? उधळ्या म्हणून शिव्या खाव्या लागल्या. तीन वर्षांनी दख्खन आणि मद्रास होरपळत असताना त्यालाच दुष्काळाच्या कामावर पाठवलं. या वेळी तो शहाणा झाला होता. खडी फोडणाऱ्या मजुराची मजुरी त्याने दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. आपल्याकडे पुणे-नगर-सोलापूर भागात मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. सरकारने मजुरी लगेच वाढवली नाही. टेंपल मात्र त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला.

माणूस तोच, अक्कल तीच, हात तेच. १८७४ मध्ये त्या हातांनी वाढलं आणि १८७७ मध्ये आखडतं घेतलं, कारण शाबासकी आणि शिवी दोन्ही वरून येणार होत्या. खाली बसून खडी फोडणाऱ्याजवळ त्याला द्यायला दोन्हीतलं काहीच नव्हतं.

आता १९७२ चा दुष्काळ आठवा. तेव्हाचं सरकार काही संतसज्जनांचं नव्हतं. हजेरीपटात घोळ झाले, लाल मिलोच्या भाकरीने लोक वैतागले, सुकडीच्या रांगेत तासन् तास गेले. पण तालुक्यातालुक्यात आमदाराच्या दारात माणसं बसली, मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. हाल झाले, पण माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली नाहीत. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. कार्यक्षमतेच्या तराजूत टेंपल कदाचित आपल्या मंत्र्यांपेक्षा भारी भरेल. फरक एवढाच होता, की या मंत्र्यांना पुन्हा मतं मागायला त्याच धुळीतून जायचं होतं.

गंमत अशी, की हे कळायला भारतीय असण्याचीही अट नव्हती. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन १८८२ च्या मे महिन्यात स्थानिक स्वराज्याचा ठराव काढतो आणि साफ सांगतो, की यामुळे कारभार लगेच सुधारेल असं मला वाटत नाही. हे करायचं ते लोकांच्या राजकीय शिक्षणासाठी. सुरुवातीला चुका होतील, हे त्याने धरूनच चाललेलं आहे. दादाभाई नवरोजींनी १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून स्वराज्य हा शब्द उच्चारला, तेव्हा कारभाराच्या दर्जाचं गाऱ्हाणं मांडण्याच्या ते पुढे गेले होते. टिळकांनी १९१६ मध्ये होमरूलच्या भाषणांत बेळगाव-नगरच्या लोकांना हेच घरगुती भाषेत समजावलं, की राजा कोण हा सवाल बाजूला ठेवा, कारभार कुणाच्या हाती एवढंच विचारा. नोकरशाहीला हा प्रश्न इतका झोंबला, की तिने त्यांच्याकडून वर्षभर नीट वागण्याचा २० हजारांचा जातमुचलका मागितला. तो हुकूम पुढे हायकोर्टाने रद्द केला. आज आपण तो प्रश्न विचारायचाच सोडून देतो आणि वर त्याला व्यवहारीपणा म्हणतो.

माझ्या निवृत्त मित्राला सगळ्यात जड जाईल, ते उदाहरण मात्र साताऱ्याजवळचं आहे. औंध संस्थान, गावं ७२. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक. किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलच्या माळावर जागा दिली ती यांनीच. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. सुराज्य हवं म्हणणाऱ्यांनी डोळे मिटून आपलं दान टाकावं, असा राजा. या राजाने १९३९ च्या जानेवारीत आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली. मुलगा अप्पासाहेब पंत, मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर आणि गांधीजींचं मार्गदर्शन यांतून नवी राज्यघटना तयार झाली. गावाने पंचायत निवडायची आणि गावचा कारभार तिने बघायचा. संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत हा प्रयोग चालला. औंधच्या रयतेला चांगला कारभार मिळतच होता. नव्हता तो तिचा त्या कारभारावरचा हक्क. राजाचा चांगुलपणा राजाच्या मालकीचा असतो. उद्या गादीवर दुसरा आला, तर तो चांगुलपणा सोबत घेऊन येईलच असं नाही. सुराज्य लाभलेल्या माणसालाही स्वराज्य का लागतं, याचं उत्तर इथे खुद्द राजाने दिलं आहे. निवृत्त अधिकाऱ्याने ते ऐकायला हरकत नसावी.

इतिहास पुरे. आमच्या गल्लीत या.

२०२३ च्या जूनमध्ये आमच्या कोपऱ्यावरच्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण फुटलं. आम्ही रीतीप्रमाणे भोकात बाभळीची फांदी उभी केली आणि तिला लाल फडकं बांधलं. मी ॲपवर तक्रार टाकली. तिसऱ्या दिवशी निरोप आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.’ सोबत फोटो. फोटोत कोरं करकरीत झाकण आणि त्याच्यामागे कडुनिंब. आमच्या गल्लीत कडुनिंब नाही. क्षेत्रीय कार्यालयात गेलो. खिडकीतला मुलगा अदबीने म्हणाला, ‘‘काका, सिस्टिमला क्लोज दाखवतंय. नवीन टाका ना.’’ नवीन टाकली, तीही क्लोज झाली. कनिष्ठ अभियंत्याची बदली झालेली, नवीन साहेब ‘साइटवर’. गणपतीच्या मिरवणुकीचा मार्ग तपासायला मोठे अधिकारी आले, तेव्हा आदल्या रात्री झाकण बसलं. आमच्यासाठी नव्हे, मिरवणुकीसाठी.

या सगळ्यात कुणीही पैसे खाल्ले नाहीत. कुणी उर्मटपणे बोललं नाही. कागदावर तर कारभार उत्तमच होता, कारण दोन्ही तक्रारी वेळेत निकाली निघाल्या होत्या. आमचा माजी नगरसेवक मला कधीच आवडला नाही, पण त्याच्या काळात शेजारच्या काकू थेट त्याच्या घरी जाऊन चार माणसांत म्हणायच्या, ‘‘मतं मागायला येशील ना दारात, तेव्हा बघते तुला.’’ संध्याकाळपर्यंत माणसं हजर. आता कुणी म्हणेल, ही काय पद्धत झाली? झाकण नियमाने बसलं पाहिजे, काकूंच्या आवाजाने कशाला? कबूल. पण नियम मोडला गेल्यावर काय करायचं, याचं उत्तर नियमात नसतं. ते काकूंच्या त्या एका दमात असतं. प्रशासकाला हा दम देता येत नाही. तो वाईट असतो म्हणून नव्हे. त्याला आपल्या दारात यायचंच नसतं.

आणि ही अवस्था कुण्या भूकंपाने आलेली नव्हती. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने महापालिकेची मुदत पाच वर्षं ठरवली. ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं घटनाच सांगते. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली, मुंबईची ७ मार्च २०२२ ला, पुण्याची त्याच महिन्यात. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद. ओबीसींचा प्रश्न खरा होता आणि आकडेवारी गोळा करून तो सोडवणं सरकारचं काम होतं. पण त्याच्या आडोशाने प्रभागरचनेचा खेळही रंगला. एका सरकारने मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ केले, पुढच्याने ते पुन्हा २२७ वर आणले. सत्तेत कुणीही असो, मंत्रालयातून चालणारी महापालिका कुणालाच नकोशी झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात फटकारलं, २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा फटकारलं आणि २०२६ च्या जानेवारीत एकदाचं मतदान झालं. मधल्या काळात मुंबईचा २०२५-२६ चा ७४ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प असा आला, की मांडणारं प्रशासन आणि मंजूर करणारंही प्रशासन. त्यावर वाकडा प्रश्न विचारायला सभागृहात एकही माणूस नव्हता. कटकट नव्हती, हे अगदी खरं. पण ती कटकट म्हणजे हिशेब होता. ठेकेदार तर कुठेच गेले नव्हते. सभागृहात ज्या निविदांवर निदान आरडाओरडा व्हायचा, त्या आता बंद दारामागे शांतपणे पुढे सरकत होत्या.

इथे मला सगळ्यात वजनदार आक्षेप विचारात घेऊ द्या, कारण तो सोसायटीच्या आवारातून येत नाही. स्वराज्य कुणाचं? गावातल्या दांडग्यांचं असेल, तर बाकीच्यांनी ते का मागावं? महाडचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला, महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केलं, पण फक्त कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी हजारोंसह ते पाणी प्राशन केलं आणि त्याच ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. स्थानिक स्वराज्य संस्था म्हणतात ती हीच. आंबेडकरांना खेड्याच्या गोडव्याबद्दल भ्रम नव्हता, हे घटनासमितीतल्या त्यांच्या १९४८ च्या भाषणात स्वच्छ दिसतं.

पण मग त्यांनी काय मागितलं? कलेक्टरचं राज्य? १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी विचारलं, की दीडशे वर्षांच्या इंग्रजी अमलात गावची विहीर आम्हाला खुली झाली का? नाही झाली. तेव्हा आमची दुःखं आमच्यासारखी दुसरं कुणी दूर करणार नाही आणि त्यासाठी सत्तेत आमचा वाटा हवा. नगरपालिका वाईट वागली, यावर त्यांचा उपाय नगरपालिका बंद करणं हा नव्हता. आपली माणसं तिच्या सभागृहात बसली पाहिजेत, प्रत्येकाला मत असलं पाहिजे, जागा राखीव असल्या पाहिजेत, असा होता. आज महाराष्ट्रातल्या या संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, अनुसूचित जाती-जमातींसाठीही जागा राखीव आहेत. प्रशासक आला की सगळ्यात आधी या खुर्च्या रिकाम्या होतात. दांडग्यांना मंत्रालयाची वाट पूर्वीपासून माहीत असते. नवख्या बाईला जी मिळाली होती, ती हीच एक खुर्ची. ‘काय अडलं?’ हा प्रश्न तिला विचारा.

आणि लोकांना कारभार जमत नाही, हे अजूनही वाटत असेल, तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला जाऊन या. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, अशी या गोंड गावाची घोषणा. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क नोंदला गेला. तरी आपलाच बांबू विकायला वाहतुकीचा परवाना वनखात्याकडूनच घ्यावा लागत होता. गाव हटून बसलं. अखेर २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात देऊन गेले. एक पुस्तक, बस. हक्क कागदावर मिळणं आणि सहीचा अधिकार हातात येणं, यांत जवळपास दोन वर्षांचं अंतर होतं. स्वराज्य नेमकं या अंतरात असतं.

निवडणूक झाली म्हणून सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. काही प्रभागांत उमेदवार बिनविरोध निवडून आले आणि तिथल्या मतदाराला बटण दाबायचीही संधी मिळाली नाही. फ्लेक्स परतले आहेत. टक्केवारी कुठे गेलेलीच नव्हती. आमच्या गल्लीत नव्या नगरसेवकाचा सत्कार झाला, नारळ फुटला. मी त्याला मत दिलं नव्हतं.

आठवड्यापूर्वी ते झाकण पुन्हा फुटलं. या वेळी मी ॲप उघडलं नाही. सकाळी आठ वाजता त्याच्या ऑफिसात जाऊन बसलो. तो साडेनऊला आला, ‘‘या ना काका’’ म्हणाला, चहा मागवला आणि उद्यावर ढकलायला लागला. आमचं चांगलंच वाजलं. झाकण अजून बसलेलं नाही. पण उद्या कुणाच्या दारात जायचं, हे मला ठाऊक आहे आणि आज संध्याकाळी काकूही माझ्यासोबत येणार आहेत.